विहीणबाईंच्या ताटात आधी भात

मंडळी, आज दुपारी रांझीतल्या आमच्या घरी मी जिंकले. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची सून फिलिपीन्समधल्या सेबूची. सध्या तिची आई आली आहे. विहीणबाई रोज दीड पोळी खाऊन हात जोडायच्या. मी शेवटी भात आणेपर्यंत त्यांचं जेवण आटोपलेलं, आणि त्या इतकं कमी का खातात ते मला कळेना.

आमचे हे म्हणाले, "काहून जीव जाळून राहिली? इंग्रजीत विचार ना." माझं इंग्रजी यांना चांगलं ठाऊक आहे.

मग मी सुनेकडून त्यांच्या सेबुआनो भाषेतले शब्दच शिकायला घेतले. शिजलेला भात 'कान-ओन'. आणि भाजी, वरण, मासे, भातासोबत खायचं सगळंच 'सुद-अन'. तिथेच माझे डोळे उघडले. त्यांचं जेवण म्हणजे भात, बाकी सगळं सोबतीला.

आज आधी भात वाढला. म्हटलं, "कान-ओन." वरणाची वाटी ठेवली, "सुद-अन." विहीणबाई हसल्या आणि पोटभर जेवल्या. "लामी," म्हणाल्या, म्हणजे चविष्ट.

मग माझ्या हातून भातवाढी घेऊन त्यांनी माझ्याच ताटात वाढलं. मी नको नको म्हणते, तर त्या मराठीत म्हणाल्या, "थोडंसं, थोडंसं." रोज माझ्याच तोंडून ऐकलेलं.

तुमच्याकडेही कोणी पाहुणा भाताची वाट पाहत पोळी तर नाही खाऊन राहिला?