हेलांडचा चोर

गुन्व्होर ब्रेक्के हिनं हेलांडचं शेत मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. नॉर्वेतल्या त्या खोऱ्यातल्या बाकी सगळ्या शेतांवर तिचं वाचन उरकलं होतं. रीत अशी, की गावाच्या पुस्तकात ज्या शेतावर प्रकरण आहे तिथे जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि घरच्या माणसांना ते प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यांनी हो म्हटलं की छापायचं. नाही म्हटलं तर त्या शेताच्या नावाखाली कोरं पान जायचं. इतिहास मंडळाचा हा नियम गुन्व्होरच्या आधीपासून चालत आला होता आणि आजवर कोरं पान कधी गेलं नव्हतं.

हेलांडच्या प्रकरणात एक चोर होता.

तो तिनं शोधून काढला होता आणि त्याला पुस्तकात ठेवायचं तिनं ठरवलं होतं. मंडळाचा अध्यक्ष आर्नफिन याचं म्हणणं, "दिवस कठीण होते, एवढं लिही आणि पुढे चल. तोर्गैरला काय वाटेल?" तोर्गैर हा आता हेलांडचा मालक. आपलं घराणं किती जुनं आणि किती सरळ, हे तो मेंढ्यांच्या बाजारातही ऐकवायचा. गुन्व्होरनं आर्नफिनला सांगून टाकलं होतं, की चोर गेला तर पुस्तकावरचं माझं नावही जाईल. आर्नफिनला वाटलं ती रागाच्या भरात बोलतेय. ती विचार करून बोलत होती.

गुन्व्होर पेशानं इतिहासकार नव्हती. तिची सगळी नोकरी दूधसंघाच्या प्रयोगशाळेत, दुधातलं फॅट तपासण्यात गेली. पण जेवणाच्या सुट्टीत ती डब्याशेजारी धान्याच्या दरांवरचे जाडजूड ग्रंथ उघडून बसायची. नवं पुस्तक हातात आलं की ती आधी तळटीपा वाचायची. लेखक कुठे पाणी घालतो ते तळटीपांत कळतं, असं तिचं म्हणणं होतं. जर्मन ती शब्दकोश घेऊन शिकली, तेही मासळीच्या व्यापारावरचा एकच ग्रंथ वाचायचा होता म्हणून. नवरा तिला एकदा ऊन खायला स्पेनला घेऊन गेला, तेव्हा तिनं सोबत समुद्राच्या नाकेबंदीवरचं पुस्तक नेलं आणि आठवड्यानं ती गेली तशीच पांढरीफटक परत आली. नवरा आता नव्हता. तो म्हणायचा, माझी बायको बार्लीच्या भावावर हसते आणि माझ्या विनोदांवर गप्प बसते.

लिहायला ती लागली ती चिडून. गावाच्या पुस्तकाचा पहिला भाग एका जुन्या शाळामास्तरांनी लिहिला होता. त्यात कुणी चोरी केली नव्हती, कुणी दारू प्यालं नव्हतं आणि एकही मूल लग्नाआधी जन्मलेलं नव्हतं. लोक त्याला 'समारंभाचा फोटो' म्हणायचे आणि तरीही बैठकीत दिसेल असा ठेवायचे. गुन्व्होरनं तो तरुणपणी वाचला आणि दुसरा भाग आपण लिहायचा असं ठरवलं. खरा.

स्वतःच्या शेताचं, ब्रेक्केचं, प्रकरण तिनं पहिल्यांदा हातात घेतलं आणि ते पहिल्याच ओळीत अडलं. तिच्या घराण्याचा मूळ पुरुष १८१८ साली बायकोला घेऊन ब्रेक्केच्या वरच्या अंगाला कूळ म्हणून राहायला आला. कुठून आला, याचा पत्ता नाही. तिनं आजूबाजूची चार खोरी चाळली, किनाऱ्यावरची बेटं चाळली. शेवटी त्या ओळीत 'मूळ गाव अज्ञात' असं लिहिलं आणि ते तिला दातात अडकलेल्या सुतासारखं सलत राहिलं.

ग्रंथालयात आपापल्या घराण्याचा शोध घेणाऱ्या नवशिक्यांसमोर बोलताना मात्र ती एक गोष्ट दरवेळी बजावायची. आपल्याकडे आडनाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. माणूस ज्या शेतावर राहील त्याचं नाव लावायचा, शेत सुटलं की नावही सुटायचं. तेव्हा नावाच्या मागे धावू नका, माणसाच्या मागे धावा. त्यातून श्युरसारखी नावं इतकी सर्रास, की खोऱ्यात दगड भिरकावला तर तो एखाद्या श्युरलाच लागणार. नवशिके हे लिहून घ्यायचे.

नोव्हेंबर संपत आला होता. डोंगरमाथे पांढरे झाले होते, खाली अजून चिखल होता. छापखान्याला शुक्रवारी सगळं द्यायचं होतं. गुन्व्होर हेलांडला पोचली तेव्हा तोर्गैर ट्रॅक्टरला बर्फ लोटायचं पातं जोडत होता. दर हिवाळ्यात तिच्या घरापर्यंतची चढाची वाट तोच मोकळी करायचा. त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं. पात्याकडे पाहून तिच्या मनात आलं, की उद्यापासून हिमफावडं आपल्यालाच उचलावं लागणार.

"आलीस का," तोर्गैर म्हणाला. "आत जा. ओस्नानं सकाळपासून लेफ्सं भाजलीयत. राजा येणार असल्यासारखी."

ओस्ना ही त्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, घर तिच्याच हातात होतं. लोणी-साखर लावून दुमडलेली, पातळ पोळ्यांसारखी लेफ्सं, तपकिरी चीज आणि कॉफी टेबलावर मांडून ती विणकाम घेऊन खिडकीशी बसली. तोर्गैर हात धुऊन आला. गुन्व्होरनं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

सुरुवातीचा भाग छान गेला. प्लेगनंतर ओस पडलेली जमीन, मग पहिली नांगरट, कुरणावरून शेजाऱ्याशी चाललेला खटला. तो खटला हेलांडनं जिंकला होता, तिथे तोर्गैरनं आणखी एक लेफ्सं घेतलं. मग १८१२ आलं. युद्धाच्या नाकेबंदीमुळे समुद्रमार्गे धान्य येणं बंद होतं, त्यात ऑगस्टमध्येच दंव गोठून उभी बार्ली काळी पडली. लोक झाडाची साल दळून पिठात मिसळू लागले. गुन्व्होरनं आवाज बदलला नाही. पुढच्या जानेवारीत श्युर ओल्सन हेलांड याला पाद्रीबाबांच्या कोठारातून बार्लीची दोन पोती नेताना वाटेतच पकडलं. पाच वर्षं सक्तमजुरी. त्याला बर्गनच्या किल्ल्यावर पाठवलं. त्याची बायको ग्युरी बहुधा त्याच सुमारास, उपासमारीच्या काळात वारली. सुटून आल्यावर त्यानं ब्रीताशी दुसरं लग्न केलं आणि शेत पुन्हा उभं केलं.

तोर्गैरनं हातातलं लेफ्सं बशीत ठेवलं.

"कुठला श्युर?"

"तुमचाच. ब्रीताचा नवरा."

तोर्गैर उठला आणि बाहेर गेला. दार आपटलं नाही, पण नीट लावलंही नाही. गार वारा आत आला. गुन्व्होरनं कागद सारखे केले. तिनं मनाशी जुळवून ठेवलेली वाक्यं होती, भुकेबद्दल, खऱ्या इतिहासाबद्दल. ती ओस्नाला ऐकवावी की नको, हे तिला कळेना.

ओस्नानं उठून दार लावलं. परत येऊन टाके मोजले, मग विचारलं, "ग्युरी कोण?"

"श्युरची पहिली बायको. खटल्याच्या कागदात आहे ती. तिनं पाद्रीबाबांच्या पाया पडून दया मागितली होती."

"ते असेल. पण आमच्याकडे ग्युरी कुणी नाही."

"दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ओस्ना."

"तेच म्हणतेय मी. ब्रीताची पहिली मुलगी इंगेबोर्ग. दुसरी मार्ता. आमच्या घरात आजतागायत एक ग्युरी झालेली नाही. आता तूच सांग, पहिली बायको मेली आणि दुसरीला मुलगी झाली, तर नाव कुणाचं ठेवतात?"

गुन्व्होरनं चष्मा काढला. दुसऱ्या लग्नातल्या पहिल्या मुलीला मेलेल्या बायकोचं नाव द्यायचं. हे खोऱ्यात कुणी चुकवत नसे. चुकवलं तर मेलेली घरात वावरते, असं मानायचे. याच रीतीच्या आधारानं तिनं इतर शेतांवरची गुंतलेली घराणी सोडवली होती आणि तसं परिशिष्टात ऐटीत लिहिलंही होतं. पाद्र्याच्या घराला लागलेल्या आगीत त्या वर्षांची चर्चची नोंद जळाली होती. ती फट तिनं एका 'बहुधा'नं बुजवली होती. आख्ख्या पुस्तकात आपण 'बहुधा' फक्त तीनदा वापरला, हे ती अभिमानानं सांगायची.

"म्हणजे ग्युरी इथे मेलीच नाही," ती हळू म्हणाली.

"मेली नाही आणि इथली सूनही नव्हती. अगं, खालच्या अंगाला कुळं राहायची आमची. वर्ष-दोन वर्षं राहिली, गेली. राहतील तोवर हेलांडच म्हणायचे ना त्यांना?"

तोर्गैर परत आला तेव्हा त्याच्या हातात टॉर्च होता. तो बसला नाही. "कोट घाल," म्हणाला.

अंगणापलीकडे दगडी खांबांवर उभं कोठार होतं. गुन्व्होरनं पुस्तकासाठी त्याचा फोटो बाहेरून काढून घेतला होता. आत जायचं तिला सुचलं नव्हतं. वरच्या मजल्यावर आढ्याला मेंढ्यांच्या वाळवलेल्या तंगड्या टांगल्या होत्या. तोर्गैरनं त्या एकेक बाजूला सारल्या आणि तुळईवर टॉर्च मारला. श्युरच्या नावाची तीन आद्याक्षरं, शेजारी मालकाची खूण असते तसा बाण आणि खाली साल: १८१४.

"हे त्यानं बांधलं," तोर्गैर म्हणाला. "स्वतः. आजोबा मला खांद्यावर घेऊन दाखवायचे. आता तू सांग, बर्गनच्या किल्ल्यावर बसून त्यानं हे कसं बांधलं? हात लांब होते का त्याचे?"

कुळाला मालकाची खूण नसते आणि कैद्याला कोठार बांधता येत नाही. श्युर दोन होते. एक वर मालक, एक खाली कूळ, दोघांच्याही बापाचं नाव ओले, म्हणून दोघंही ओल्सन, आणि त्या एका हिवाळ्यापुरते दोघंही हेलांड. ग्रंथालयात दरवेळी सांगितलेली गोष्ट तिनं स्वतःच ऐकली नव्हती. तिला लाज वाटायला हवी होती आणि ती थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त, खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. चोराला न वगळता त्याला हेलांडमधून बाहेर काढता येत होतं.

"चुकले मी," ती म्हणाली.

"ते कळलं," तोर्गैर म्हणाला. "चल, कॉफी निवतेय."

जिन्यावरून उतरताना ती मधल्याच पायरीवर थांबली. पुढे चाललेल्या तोर्गैरला वाटलं हिचा पाय घसरला, त्यानं वळून हात पुढे केला.

"पाच वर्षं," गुन्व्होर म्हणाली. "तेरामध्ये गेला. म्हणजे अठरामध्ये सुटला."

"मग?"

ती टेबलाशी येऊन बसली, ओस्नानं भरलेला कप हातात धरला आणि मग बोलली. अठरा साली ब्रेक्केला एक श्युर येतो. कुठून ते कुणालाच माहीत नसतं. त्याच्या बायकोचं नाव ग्युरी. गुन्व्होरच्या आजीचं नाव ग्युरी होतं. स्टावांगरला राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीचं नाव ग्युरी आहे. ब्रेक्केच्या घरात दर दुसऱ्या पिढीला एक ग्युरी आहे आणि खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या घरात नाही. दोन्ही ग्युरी तिला पाठ होत्या. पण एक हेलांड होती आणि दुसरी ब्रेक्के, म्हणून त्यांना शेजारी ठेवून बघायचं इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तो सुटून आला," ती म्हणाली, "ब्रेक्केला राहिला, ब्रेक्के झाला. आणि लोक गप्प बसले."

ओस्नाच्या सुया थांबल्या. तोर्गैरनं मघाचं अर्धं लेफ्सं उचललं, खाल्लं, कॉफीचा घोट घेतला आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी चोराच्या घराची वाट मोकळी करतोय. ओस्ना, कोठाराला कुलूप घाल गं. ही आत्ताच आतून बघून आलीय."

"गप्प बस," ओस्ना म्हणाली. "गुन्व्होर, आणखी घे. पोती नकोत पण, लेफ्सं घे."

गुन्व्होरही हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, की हेलांडचं प्रकरण आज रात्री नव्यानं लिहिते, उद्या पुन्हा वाचून दाखवते. तोर्गैर म्हणाला कोठाराचं सविस्तर येऊ दे. ओस्ना म्हणाली त्या कुळाचंही येऊ दे, एक हिवाळा का होईना, इथे राहिलं ते. आणि ब्रेक्केचं प्रकरण? नियम सगळ्यांना सारखा. तेही घरच्यांना पुन्हा वाचून दाखवायला हवं.

गुन्व्होरखेरीज ब्रेक्केच्या घरचं असं आता एकच माणूस उरलं होतं. गुन्व्होरनं बहिणीला फोन लावला आणि प्रकरण सुरुवातीपासून वाचलं. ग्युरीला इतिहासाचा कंटाळा होता, पण तिनं मध्ये तोडलं नाही. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"बार्ली घरापर्यंत पोचली तरी का?"

"नाही. वाटेतच पकडला."

"अरेरे," ग्युरी म्हणाली. "छाप तू."

कैद्यांच्या सुटकेच्या नोंदी गुन्व्होरनं गुरुवारी संगणकावर पाहिल्या. श्युर ओल्सन, अठराच्या वसंतात सुटला, पत्नी ग्युरी जिवंत, जाणार ब्रेक्केला. कागद इतकी वर्षं तिथेच होता. तिनं हेलांड या नावानं शोधलं होतं, ब्रेक्के या नावानं शोधलं होतं. कैद्याला मात्र शेत नसतं, म्हणून कारकुनानं आडनावाची जागा रिकामी सोडली होती.

तिनं 'मूळ गाव अज्ञात' खोडलं. पुस्तकातल्या तीन 'बहुधा'तला एक गेला, दोन उरले. तेही पुन्हा तपासायचे असं तिनं ठरवलं, पण ते तिसऱ्या भागाच्या वेळी.

शुक्रवारी सगळं छापखान्यात गेलं आणि शनिवारी पहाटे बर्फ पडला. गुन्व्होर उठली तेव्हा वाट मोकळी झालेली होती, दोन्ही बाजूंना बर्फाचे सरळ काठ रचलेले. ट्रॅक्टर खालच्या वळणाला पोचला होता. तोर्गैरनं मागे न बघता एक हात वर केला. दारातल्या पायरीवर खताच्या जुन्या पिशवीत काहीतरी ठेवलं होतं. तिनं उघडून पाहिलं, तर दोनेक किलो बार्ली. सोबत ना चिठ्ठी ना काही.

तिनं ती आत नेली आणि दुपारी तिची पेज केली.