वडिलांच्या वाक्यातले गृहीतक

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत युक्तिवादाची प्रश्नपत्रिका असे. तिच्या तयारीसाठी मी समुद्रपूरहून एस.टी.ने वर्ध्याला शिकवणीला जात असे. आमच्या सरांची एक पद्धत होती. प्रत्येकाने घरी ऐकलेले एक वाक्य आणायचे आणि वर्गाने त्यातले गृहीतक, म्हणजे बोलणाऱ्याने न सांगता मानून चाललेली गोष्ट, शोधायची.

माझी पाळी आली तेव्हा मी वडिलांचे वाक्य अभिमानाने फळ्यावर लिहिले : ‘पास झाली त धाडतो तुले नागपूरले.’

“यात गृहीत काय आहे?” सरांनी विचारले.

मागच्या बाकावरचा केळझरचा मुलगा म्हणाला, “पोरगी पास होत नाई, हे गृहीत हाय, सर.”

सारा वर्ग हसला.

“सर, वाक्यात अट आहे, अंदाज नाही,” मी म्हणाले.

“तुझे उत्तर पुस्तकातले आहे,” सर शांतपणे म्हणाले, “त्याचे घरातले.” मग माझ्या वाक्याखाली त्याचे उत्तर लिहून त्यांनी वर्गाला सांगितले, “उतरवून घ्या.”

मी पास झाले. घरी येऊन वडिलांना निकाल सांगितला.

“मले काय मालूम तू पास होशीन? हिंगणघाटच्या पाहुण्यायले शब्द देऊन बसलो ना मी.”

“पण तुम्ही म्हटलं होतं, बाबा.”

“म्हणलं होतं. आता सासरचे धाडतीन तुले.”

प्रवेश घेण्याची मुदत माझ्या हळदीच्या दिवशी संपली.