हॅल्केटांच्या कुंपणातली जागा

ग्रेगर टॉड माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आला तो सुपरमार्केटच्या मागच्या भिंतीशी. तसा तो आमच्या क्रेगबर्न गावचाच, जन्मापासून इथलाच. पण माणूस दिसणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. मी पाव घेऊन बाहेर पडत होते आणि हा विटांवर तळहात टेकून, डोळे मिटून उभा. मला वाटलं, चक्कर आली.

"बरं वाटत नाहीये का रे?"

"बाई, ही आमची भिंत," तो डोळे न उघडता म्हणाला. "थोरली ब्रूअरी. हॅल्केटांची. ह्या विटांत माझं रक्त आहे."

विटांत शेवाळ होतं. शाळेत शिकवण्यात इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागते, चुकणाऱ्याला आधी पूर्ण चुकू द्यायची.

ग्रेगर विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाला होता. निवृत्तीनंतर आमच्या गावात काहीजण कांद्याची पात लावतात आणि काहीजण पूर्वज शोधतात. पात निदान सूपमध्ये तरी पडते. गावात एकेकाळी बिअर गाळणाऱ्या तीन ब्रूअरी होत्या. थोरलीच्या जागी आता सुपरमार्केट आहे, नदीकाठच्या ब्रूअरीत फ्लॅट झालेत, टेकडीवरच्या ब्रूअरीचं नुसतं धुराडं उरलंय. ग्रेगर तिन्हीकडे फिरला आणि तिन्हीकडे त्याला टॉड सापडले. त्यात नवल काहीच नव्हतं. टॉडांना एका ठिकाणाहून पिऊन पडल्याबद्दल काढलं की ते दुसऱ्या ठिकाणी लागायचे.

त्याचे खापरपणजोबा पिंपं धुवायचे. पण ग्रेगरच्या तोंडी ते वसंतात 'पिंपांचे जाणकार' झाले, उन्हाळ्यात बिअर बनवणारे झाले आणि पानगळीपर्यंत हॅल्केटांचे भागीदार. मेलेल्या माणसाला इतक्या झपाट्याने बढती मिळालेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आणि पुरावा काय, तर मधलं नाव. ग्रेगर हॅल्केट टॉड. बापाचं, आजोबांचं, पणजोबांचंही मधलं नाव हॅल्केट. आमच्याकडे मुलाला आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मधलं नाव म्हणून देतात. तेव्हा हॅल्केटांची कुणी लेक टॉडांच्या घरात आली, असं त्याने ठरवून टाकलं. मी त्याला चर्चच्या आवारात नेलं. आमच्या थडग्यांवर बायको चाळीस वर्षं संसार करून गेली तरी तिचं माहेरचंच नाव कोरतात. टॉडांच्या दगडांवर लेंग होती, म्यूर होती, बेन होती. हॅल्केट एकही नव्हती.

"घराण्याने तिला वाळीत टाकलं असणार, बाई," ग्रेगर हळहळून म्हणाला. "म्हणून नाव दडवलं."

न सापडलेल्या बाईचा हा मोठा फायदा. तिला हवं तेवढं सुंदर आणि दुःखी करता येतं.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. पण नोव्हेंबरात त्याची आई, आयसोबेल, गेली. दहन झालं. बाप चर्चच्या आवारात उत्तरेच्या भिंतीशी पुरलेला होता आणि त्याच्या नावाखाली दगडावर तिच्यासाठी जागा सोडलेली होती. ग्रेगर म्हणाला, आई तिथे जाणार नाही. ती हॅल्केटांच्या थडग्यांभोवतीच्या लोखंडी कुंपणात, संगमरवरी देवदूताच्या पायाशी जाईल. त्यामुळे अस्थींची पेटी त्याच्या बहिणीच्या, मॉरागच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी अडकून पडली. मी भेटायला गेले तेव्हा दोघांचं जुंपलेलंच होतं.

"ती जागा आईने स्वतः सोडून घेतलीय, पाथरवटाशी भांडून," मॉराग म्हणाली.

"आपण कुठल्या घरात पडलो, हे आईला कळलंच नाही."

"चांगलं कळलं होतं. जन्मभर त्याच घरातल्या चड्ड्या धुतल्या तिने. आणि काय रे, तुझं ते रक्त असलंच तर बाबांकडचं. आई कोळ्याची पोर. ती कशाला देवदूताखाली?"

ग्रेगर म्हणाला, "बाबांना मागाहून हलवू."

"बाई, ऐकलंत? आता बाबांना उकरतोय!"

"तुला वर बघताच येत नाही, मॉराग."

"वर बघितलं की छत गळताना दिसतं. ते बघ आधी."

कुंपणाची किल्ली नगरपालिकेकडे होती. तिथल्या बाईने सांगितलं, हॅल्केटांचे जे कोणी आप्त उरले असतील त्यांची संमती आणा. शेवटचा हॅल्केट मूलबाळ नसताना गेला होता. म्हणून ग्रेगरने दुकानांच्या काचांवर चिठ्ठ्या लावल्या. ज्यांच्या घरात हॅल्केट हे नाव चालत आलं आहे त्यांनी रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये यावं, सॉसेज रोल आणि व्हिस्कीची सोय आहे.

"पाच-सहा येतील," तो मला म्हणाला. "घराणं मोजकंच."

रविवारी त्याने समारंभाचा चौकड्यांचा किल्ट घातला आणि दारात उभा राहिला. आधी खाटीक आला, मग खाटकाचा भाऊ. मग मासे तळणाऱ्या दोघी बहिणी. कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस सहकुटुंब आला. गावातल्या दोन्ही पबांनी हाकललेला रॅब गौर्ले तर आंघोळ करून आला. खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांत बसले.

"तू कसा हॅल्केट?" ग्रेगरने रॅबला विचारलं.

"तू जसा तसाच. रॅब हॅल्केट गौर्ले. व्हिस्की कुठाय?"

पुढच्या खुर्चीत नव्वदी ओलांडलेली नेटी इमरी हसत होती. हसताना तिला कवळी हाताने धरावी लागत होती.

"अरे गाढवा, ब्रूअरीच्या कामगारांच्या घरांत पोरगं झालं आणि मालकाचं नाव ठेवलं की बारशाला बिअरचं पिंप घरपोच! माझ्या आजोबांनी तिघांना ठेवलं. चौथी मुलगी झाली, तिलाही ठेवलं."

"मुलीला पण पिंप?" खाटकाने विचारलं.

"अर्धं."

हॉल खदखदून हसला. ग्रेगर नेटीजवळ वाकला. "पण टॉडांचं वेगळं असेल ना? आमच्यात चार पिढ्या..."

"पहिल्याला पिंपासाठी, बाकीच्यांना सवयीने. तुझा खापरपणजोबा तर बारशाआधीच पिंप उघडून बसला होता म्हणे."

खरं तर मला त्याची कीव यायला हवी होती. पण तेव्हाही तो हॉलभर नजर फिरवत होता, जरा बऱ्या माणसाशेजारी उभं राहता येतंय का ते बघत. कचरेवाला शेजारी सरकला तसा हा दोन पावलं बाजूला झाला. मग कीव आली नाही.

मॉरागने कोट चढवला. "बुधवारी मी आईला बाबांकडे नेतेय. यायचं तर ये. नाहीतर ग्लास धुऊन ठेव."

बुधवारी तो आला. पाहुण्यासारखा वाटेच्या पलीकडे उभा राहिला, पण पेटी खाली ठेवायची वेळ आली तेव्हा पुढे झाला आणि दुसरी बाजू त्यानेच धरली. वसंतात पाथरवटाने राखलेल्या जागेत नाव कोरलं. आयसोबेल स्पिंक, त्याची पत्नी. ग्रेगरने ते वाचून अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता तरी बाप आठवला असेल.

"स्पिंक," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "बाई, किनाऱ्यावरच्या गावात स्पिंकांची ब्रूअरी होती, ठाऊक आहे?"

हल्ली तो दर मंगळवारी सकाळच्या बसने तिकडे जातो आणि संध्याकाळी जेवायला मॉरागकडे येतो.