राबाचा धूर

माझा थोरला भाऊ नवसू आगिवले पोलीस उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाला. डोळखांबजवळच्या आमच्या पाड्यातला तो पहिला साहेब. आश्रमशाळेत शिकला, शहापूरच्या कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता, मग परीक्षा देऊन फौजदार झाला. नोकरीतली अकरा वर्षं त्यानं विदर्भाच्या टोकाला, नक्षलवाद्यांच्या जंगलात काढली. बाबा सगळ्यांना सांगायचे, आमचा नवसू बंदूकवाल्यांच्या मागं फिरतो, पण घरच्या मारक्या बैलाला अजून भितो.

त्याची काम करायची रीत वेगळी होती. जंगलात गेलेल्या पोरांच्या आयांकडे तो जायचा. बंदूक जीपमध्ये ठेवायची, बूट दाराबाहेर काढायचे आणि ओटीवर बसून आंबील मागून प्यायची. भात कसं आलंय, डुकरं शेतात शिरतात का, मोह किती वेचला, असलंच बोलणं. पोराचा विषय तिसऱ्या-चौथ्या खेपेला. अशी चौदा पोरं-पोरी त्यानं हत्यार खाली ठेवायला लावून घरी आणली. त्यातल्या एकीच्या लग्नात तिचा मामा म्हणून तोच उभा राहिला.

कितीही लांब असला तरी मे महिन्यात तो राब भाजायला घरी यायचा. आमच्याकडे पेरणीआधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, वाळक्या फांद्या पसरून जाळतात. त्या राखेत भाताचं रोप जोमानं येतं. हे काम दादाच्या फार आवडीचं. पण नऊ वर्षांपूर्वी तो मेमध्ये यायचा थांबला. निवृत्तीनंतर पाड्यावर राहायला आला, तरी कुणाचा राब पेटला की घरात जाऊन दार लावून घ्यायचा. शेजारची बाईजाकाकी म्हणायची, "साहेबाला आता आमचा धूर लागतो गो."

खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. आई गेली त्या वर्षी त्यानं मला सांगितलं होतं. वैशाखातली पहाट होती, त्याचं पथक रात्रभर चालून दमलं होतं. समोरच्या उतारावर निळसर धूर दिसला, जमिनीलगत सरकणारा. पुढे चालणारा चैतू, तिथलाच शिपाई, थांबला आणि वळसा घालू का म्हणून विचारलं. दादा म्हणाला, "राब भाजतात रे, शेतकरी हायत. चल सरळ."

तिकडे राब भाजत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दमलेल्या डोळ्यांना गावचा धूर दिसला. धूर दबा धरून बसलेल्या नक्षलवाद्यांच्या चुलीचा होता; गोळ्या आल्या, चैतू आणि त्याच्या मागचा जवान जागीच गेले. चौकशीत दादावर ठपका आला नाही. ते वाक्य ऐकलेले दोघंही उरले नव्हते.

यंदा माझा ओमकार फौजदार झाला. नेमणुकीसाठी त्यानं मामानं अकरा वर्षं काढली तोच जंगलातला जिल्हा मागून घेतला. समजावलं, भांडले, दोन दिवस अबोला धरला, तो हसून सोडून द्यायचा. शेवटी मी पाड्यावर गेले आणि दादाला म्हटलं, त्याला धुराचं सांग, तूच सांग. मी काय मागत होते ते मला कळत होतं. दादानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"रंजू, त्याच्या नजरेत मी उरायचो नाय."

"माझा पोरगा तरी उरेल," मी म्हटलं.

हे मी बोलले.

पुढच्या रविवारी त्यानं ओमकारला शेतावर नेलं. शेजारच्या शेतात चांगोचा राब पेटला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा दादा त्या धुराजवळ उभा राहिला आणि भाच्याला सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. मी बांधावर होते. ओमकार खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, आता हा जात नाही. मग त्यानं विचारलं, "चैतूच्या आईला हे माहीत आहे?"

दादानं नकारार्थी मान हलवली. इतक्या ओट्यांवर आंबील प्यायलेला माणूस, त्या एका ओटीवर कधी गेला नव्हता.

"मग सांगायला जाऊ या, मामा. मी आहे बरोबर."

दोघं गेले. ओमकार तिथेच रुजू झाला. पाचव्या दिवशी दादा एकटा परत आला आणि पाड्यावर न जाता शहापूरला माझ्या दारात येऊन बसला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, असं त्यानं सांगितलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ओमकारकडे बघून एवढंच विचारलं, तुझी आई आहे का. तो आहे म्हणाला.

"मग त्याला आत नेलं न आंबील दिली," दादा म्हणाला. "मी बाहेर बसलो, बुटांजवळ. बरोबर केलं तिनं."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच निवला.

ओमकारचा फोन आठवड्यातून एकदा लागतो. काय जेवलास, मी विचारते. कधी डाळभात सांगतो, कधी आंबील. आंबील म्हणाला की कुठे मिळाली, ते मी विचारत नाही.