दुसऱ्यांदा मोजेपर्यंत

आमची बारकी, म्हणजे माझी धाकटी बहीण, शाळेचे गणवेश शिवते. चाळिशी ओलांडली तरी बारकीच. नवरा एड्सने गेला तेव्हा हिच्याही रक्तात तोच विषाणू सापडला. दहा वर्षं झाली, नऊच्या ठोक्याला गोळी. एकदाही चुकली नाही, मी साक्षीदार आहे. आता विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तेव्हा पुन्हा लग्न केलं तरी नवऱ्याला लागण व्हायची भीती नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या जोरावर तर तिने काटेवाल्यांना लग्नाला होकार दिला. ते वजनकाटे दुरुस्त करतात, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बारकीने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. माणूस निमूट ऐकत राहिला आणि शेवटी चहा घेणार का म्हणाला.

लग्नाच्या नोंदणीचा अर्ज भरला. बारकीने सही केली, त्यांची राहिली होती म्हणून अर्ज त्यांच्याकडे दिला. तेवढ्यात रक्ततपासणीचा कागद आला: विषाणूचा आकडा एकशे चाळीस. झालं! आमच्या बाईसाहेबांनी शिलाई मशीनवर कापड टाकलं. अशी थोडी वाढ मधूनच दिसते, गोळ्या चालू ठेवा, महिन्याने परत तपासू, असं डॉक्टरीणबाई परोपरीने सांगत होत्या. ही ऐकेल तर शपथ. मला म्हणाली, अर्ज परत घेऊन ये, मला त्यांचं वाटोळं करायचं नाही.

मी तणतणत गेले. असली कामं माझ्याच गळ्यात. काटेवाले एका काट्यावर वजन ठेवत होते, उचलत होते, पुन्हा ठेवत होते. मी आकडा सांगितला आणि अर्ज परत मागितला.

"कितीदा मोजलं?" त्यांनी विचारलं.

"एकदाच."

"ताई, एकदा मोजून मी काटासुद्धा बिघडलाय म्हणत नाही."

मग त्यांनी खणातून अर्ज काढला, सही ठोकली आणि माझ्या हातात दिला. फाडायचाच असेल तर दोन्ही सह्यांसकट फाडा म्हणावं, एवढंच बोलले. माझा राग कुठल्या कुठे पळाला. रस्त्यात रडले, खोटं कशाला सांगू.

बारकीने अर्ज बघितला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. नंतर महिनाभर अर्जाचं नाव नाही.

दुसरा कागद आला तो मीच आधी उघडला. विषाणू मोजण्याइतकाही नाही, पूर्वीसारखंच. मी म्हटलं, "आण तो अर्ज. आजच देऊन येऊ."

बारकी कॉलर शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "तो तू आणलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी देऊन आले. सोमवारी लग्न आहे. साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय."