खुंटीवरचा उष्टा नान

ताजिकिस्तानातल्या खुजंदमधली आमची गल्ली अदोलतबीबीच्या तंदूरमधल्या नानांवर वाढली. तिच्या घरातून कोणी लांब निघालं, की ती त्याला ताज्या नानाचा एक चावा घ्यायला लावायची आणि उरलेला नान खुंटीला टांगायची. माणसाने परत येऊन तो संपवायचा. रशियात मजुरीला गेलेल्या तिच्या दोन्ही मुलांचे नान तिथेच वाळत होते.

थोरल्याचा मुलगा उमेद टॉन्सिलच्या ऑपरेशनला गेला, तेव्हाही नान टांगला गेला. डॉक्टरांनी त्याचे टॉन्सिल वरवर तासले होते. घरी आल्यावर त्याने आपला नान कुडूमकुडूम खाल्ला. काही झालं नाही.

पुढच्या वर्षी धाकट्याचा मुलगा, इस्कंदर. त्याच्या टॉन्सिलमध्ये सारखा पू धरायचा, म्हणून ते मुळासकट काढावे लागले. पाणी गिळतानाही पोर डोळे घट्ट मिटायचं. आठवड्याने बीबीने खुंटीवरचा त्याचा नान काढला.

"बीबी, नको ना," त्याची आई मावजूदा म्हणाली. "डॉक्टरांनी कडक काही देऊ नका म्हटलंय. आत जखमेवर खपली आहे."

"उमेदच्या वेळी काय वेगळं सांगितलं होतं?"

"त्याचं ऑपरेशन वेगळं होतं."

"घसा तो घसाच! तुला नवरा काही परत आणता आला नाही. निदान पोराच्या घासाला तरी आडवी येऊ नकोस."

मावजूदा बाजूला झाली. इस्कंदरने नान खाल्ला. दुपारी तो खेळता खेळता थांबला आणि त्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली. पुन्हा भूल, पुन्हा टाके. पोर वाचलं.

बीबीने तंदूर पेटवणं सोडलं. "माझ्या हातांनी मेला असता," येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एवढंच सांगे. इस्कंदर मांडीवर बसायला आला, की उठून जाई.

तपासणीला मावजूदासोबत शेजारीण म्हणून मी गेले होते. डॉक्टर म्हणाले, "खपली आठवड्याच्या सुमारासच सुटते. टॉन्सिल मुळापासून काढले की हा धोका राहतोच. नुसत्या दूध-पाण्यावर ठेवलेल्या मुलांनाही असं होतं. नानामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही."

बाहेर पडताच मी म्हटलं, "आधी बीबीला सांग. जीव हलका होईल तिचा."

"सांगेन की. माझा नवरा येऊन त्याचा नान संपवेल ना, त्या दिवशी."

घरी पोचलो, तर बीबी दारातच उभी होती. "काय म्हणाले गं डॉक्टर?"

"कडक काही देऊ नका म्हणाले," मावजूदा म्हणाली आणि पोराला घेऊन आत गेली.