यांना ऑक्सिजन लावला नव्हता

आमच्या घरातली श्वासाची मशीन गावानं बंद पाडली. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

यांचा झोपेत श्वास अडकतो. घोरता घोरता एकदम चिडीचूप, मग दचकून उठणार. रात्रीची झोप अशी, म्हणून दिवसा चहाचा कप हातात असतानाच डोळा लागायचा. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं, हृदयावर ताण येतोय, नाकावर या साध्या हवेच्या मशीनचा मास्क लावूनच झोपायचं, दुपारीसुद्धा. आधी यांनी खूप कुरकुर केली, मग सवय झाली. चेहऱ्यावर तरतरी आली, माणूस पुन्हा माझ्याशी भांडायला लागला. मला तर बाई आनंदच झाला.

एका दुपारी शेजारीण विरजण मागायला आली. यांना पलंगावर नळी लावून झोपलेलं पाहिलं आणि आल्या पावली परत. संध्याकाळपर्यंत अमडापूरभर झालं, "मास्तरले ऑक्सिजन लावला! आता काही खरं नाही." कोरोनापासून तोंडाला नळी म्हणजे माणूस चालला, एवढंच लोकांना ठाऊक. जिभेला हाड नाही मेल्यांच्या! जो तो केळी घेऊन भेटायला. पलंगाशी बसून माना हलवायच्या आणि यांच्यादेखत मला विचारायचं, "काही खाऊन राह्यले का?" अहो, तो माणूस तुमच्यासमोर पोळी खातोय!

यांनी तेही सोसलं. पण धाकटा दीर आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "दादा, तुमच्या डोळ्यासमोर वावराची वाटणी होऊन गेली तं बरं." तो गेल्याबरोबर मशीन माळ्यावर गेली. "मले जितेपणी मढं नाही व्हायचं," म्हणाले. मी भांडले, रडले. काही उपयोग झाला नाही.

आता मी जागी असते. श्वास थांबला की कोपर मारते. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, नंतर लेकीकडे चिखलीला राहायचं होतं. "मी नाही तेवढे दिवस तरी लावा हो," म्हटलं. "पाहू," म्हणाले. यांचं 'पाहू' मला चांगलं ठाऊक आहे. मी गेलेच नाही.

परवा तोच दीर चहा पिता पिता विचारतो, "वहिनी, डोळ्याचं काऊन नाही करून घेत?"

"भाऊजी, तुमच्या दादाचा श्वास ऐकायला डोळे लागत नाहीत," मी म्हटलं. "पण एखाद्या रात्री मला झोप लागेल. सकाळी या तुम्ही. केळी मात्र आणू नका."